नफा आणि नीती : भिलाईच्या निमित्ताने

९ ऑक्टोबर २०१८ रोजी सकाळी भिलाई पोलाद कारखान्यात कोक भट्ट्यांचा वायू वाहून नेणाऱ्या नळाच्या देखभालीचे काम चालू होते. हे काम अकस्मात उद्भवलेले नव्हते; ते आधी ठरलेले, वेळापत्रकात बसवलेले होते. ते चालू असतानाच वायूने पेट घेतला आणि डझनाहून अधिक माणसे प्राणाला मुकली. आग लागलीच तर ती विझवावी म्हणून तेथे हजर असलेले अग्निशामक दलाचे कर्मचारीही त्यांत होते. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या प्रमुखाला पदावरून दूर करण्यात आले. पुढे ते आर्थिक वर्ष संपले, आणि ज्या सार्वजनिक कंपनीचा भिलाई हा एक घटक आहे त्या भारतीय पोलाद प्राधिकरणाचा, म्हणजे ‘सेल’चा, वार्षिक हिशेब प्रसिद्ध झाला. सलग तीन वर्षे तोटा सोसल्यानंतर २०१८-१९ मध्ये कंपनी पुन्हा नफ्यात आली होती. करोत्तर नफ्याचा आकडा सुमारे २,१७९ कोटी रुपयांचा होता.

या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध शोधणे अन्यायाचे होईल. २०१५ च्या सुमारास जगभर पोलादाचे भाव कोसळले, चीनचे स्वस्त पोलाद बाजारात आले, आणि २०१८ च्या सुमारास भाव पुन्हा चढले. कंपनीचा तोटा आणि नफा यांचे बरेचसे स्पष्टीकरण एवढ्यात मिळते. माणसे दगावली म्हणून नफा झाला असे कोणी म्हणणार नाही. पण माणसे दगावल्यामुळे नफा अडलाही नाही, हे तितकेच खरे आहे, आणि विचार करणाऱ्याला अस्वस्थ करते ते हे दुसरे सत्य. सदाचाराचे फळ हिशेबाच्या वहीत उमटते असे जे अलीकडे वारंवार सांगितले जाते, त्याला भिलाईची ही एका वर्षाची वही काय उत्तर देते?

हा प्रश्न उद्योगविश्वात गेली दोन दशके मोठ्या गांभीर्याने चर्चिला जात आहे. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालाने पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन गोष्टी एका सूत्रात ओवल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईएसजी’ हे त्यांचे नाव रूढ झाले. जी कंपनी हवा-पाणी जपते, कामगारांशी व शेजाऱ्यांशी न्यायाने वागते आणि जिचे संचालक मंडळ डोळे उघडे ठेवून काम करते, ती कंपनी दीर्घकाळात अधिक नफा मिळवते, असा या मताचा आशय. त्याला आधारही आहे. फ्रीडे, बुश आणि बासेन या अभ्यासकांनी २०१५ मध्ये सुमारे २,२०० संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा जवळजवळ नव्वद टक्के संशोधनांत हा संबंध निदान विपरीत नसल्याचे, आणि बहुसंख्य संशोधनांत तो अनुकूल असल्याचे त्यांना आढळले.

तथापि संबंध आढळणे वेगळे आणि कारण सापडणे वेगळे. ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली आहे त्याला दानधर्म परवडतो. दानधर्मामुळे कणगी भरली असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय जे मोजायचे तेच अजून निश्चित नाही. कंपन्यांना या तीन निकषांवर गुण देणाऱ्या संस्थांच्या गुणपत्रिका बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ताडून पाहिल्या. निरनिराळ्या संस्थांच्या गुणांतील सहसंबंध सरासरीने ०.५४ इतकाच निघाला. कर्जफेडीची पत मोजणाऱ्या संस्थांमध्ये तो ०.९ च्या वर असतो. म्हणजे कर्ज बुडवील कोण याविषयी परीक्षकांचे एकमत होते. सज्जन कोण याविषयी होत नाही. भारताला याचा कटू अनुभव त्याआधीच आला होता. हैदराबादच्या सत्यम कंपनीला २००८ मध्ये उत्तम कारभाराचे पारितोषिक मिळाले, आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच हिशेब वर्षानुवर्षे खोटे असल्याची लेखी कबुली दिली.

परंतु मोजमाप उद्या बिनचूक झाले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. इमॅन्युएल कांट याने १७८५ मध्ये एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाकडूनही जास्त पैसे घेत नाही. लहान मूल आले तरी भाव तोच. त्याचे वर्तन कर्तव्याला धरून आहे, पण केवळ धंद्याचे नाव राखण्यासाठी तो तसे वागत असेल, तर त्याच्या त्या कृतीत नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतो. हा निर्णय कित्येकांना फार कठोर वाटतो. मुलाच्या हाती मोड बरोबर पडली, मग वाण्याच्या मनात काय होते याची उठाठेव कशाला? व्यवहारापुरता हा आक्षेप मान्य करता येईल. मात्र ज्या दिवशी लबाडी उघडकीस येण्याची शक्यता नसेल आणि तीत लाभ असेल, त्या दिवशी तो वाणी काय करील, हे कांटच्या कठोरपणामुळेच विचारावे लागते. सचोटी फायद्याची असते म्हणून ती पाळावी, असे शिकवणाऱ्याने सचोटी तोट्याची ठरेल त्या दिवसासाठी काहीच शिल्लक ठेवलेले नसते. पोलादासारख्या धंद्यात असे दिवस सुटेसुटे येत नाहीत. २०१५ ते २०१८ प्रमाणे सलग तीन वर्षे येऊ शकतात.

उलट बाजूचा युक्तिवाद मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडला, आणि तो अर्धवट वाचूनच त्याला दुष्ट ठरवण्याची चाल पडली आहे. कंपनीचा व्यवस्थापक हा मालक नव्हे, तो भागधारकांचा विश्वस्त आहे. समाजकार्यासाठी तो जो पैसा खर्च करतो तो त्याचा स्वतःचा नसतो. परक्याच्या पैशाने पुण्य जोडण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असा फ्रीडमनचा प्रश्न आहे. मराठी माणसाला हा प्रश्न अपरिचित नसावा. दुष्काळाने होरपळल्यानंतर देहूच्या एका वाण्याने सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा प्रत्येकाने ऐकलेली असते. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा विसरला जातो. परंपरा सांगते की, तुकोबांनी आधी खतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांच्या हाती दिला आणि केवळ स्वतःच्या वाट्याची खते बुडवली. वैराग्याच्या त्या क्षणीही भावाच्या मुलाबाळांचा घास आपल्या त्यागात ओढायचा नाही, एवढे भान त्यांना होते. फ्रीडमनच्या आक्षेपातील सत्यांश या वाटणीत पूर्णपणे मान्य झालेला आहे.

मात्र हीच वाटणी फ्रीडमनच्या विरुद्धही साक्ष देते. कान्होबाचे ते कान्होबाला, हा न्याय लावायचा तर आधी हिशेबात कान्होबा कोण कोण आहेत हे ठरवावे लागते. भागधारकाचा पैसा परक्याच्या कामी लावू नये हे ठीक. पण कामगाराचे फुप्फुस, खेड्याचा ओढा आणि पुढच्या पिढीचे जंगल हे भागधारकाच्या कामी लावण्याचा अधिकार तरी व्यवस्थापकाला कोणी दिला? ती खतेही त्याच्या वाट्याची नव्हतीच.

भिलाईत हा प्रश्न विशेष अवघड होतो, कारण तेथे मालक कोण हेच सरळ सांगता येत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा लाभांश मिळावा म्हणून कोणी पैसे गुंतवले नव्हते. रेल्वेला रूळ हवे होते आणि एका मागास मुलखाला रोजगार. आजही ‘सेल’चे जवळजवळ दोन तृतीयांश भाग केंद्र सरकारचे आहेत, म्हणजे तात्त्विकदृष्ट्या सर्व नागरिकांचे; उरलेले शेअर बाजारात विकले-घेतले जातात. सेक्टरांत आखलेली वसाहत, शाळा, सेक्टर नऊचे रुग्णालय, १९७२ मध्ये उभी राहिलेली मैत्रीबाग यांतले काहीही कायद्याच्या बडग्याने झाले नाही. आणि या खर्चाने भिलाई बुडाली असेही नाही. सर्वोत्तम एकात्मिक पोलाद कारखान्यासाठीचे पंतप्रधानांचे पारितोषिक तिने अकरा वेळा मिळवले.

नागपूरकडून पाहणाऱ्याला येथे एक जुनी आठवण होईल. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोराबजी टाटा नागपूरच्या संग्रहालयात गेले असता तेथील भूगर्भीय नकाशावर दुर्गकडील मुलूख लोहखनिजाच्या रंगाने रंगवलेला त्यांना दिसला. त्यावरून दल्ली आणि राजहरा या टेकड्यांची पाहणी झाली. खनिज विपुल होते. पण कारखान्याला सोयीचा कोळसा आणि पाणी यांचा मेळ बसेना, म्हणून टाटांचे पाऊल पुढे मयूरभंजकडे वळले. अर्ध्या शतकानंतर त्याच टेकड्यांनी भिलाईच्या भट्ट्या भरल्या. या टाटांचीच नागपुरातली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. निवृत्तिवेतन निधी आणि अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई, या गोष्टी तेथे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच आल्या. भारतात त्या भरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये. मिलने अनेक दशके भरघोस लाभांश दिला, आणि ‘सदाचार फायद्याचा असतो’ या मताचे समर्थन करायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. पण १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे कायमची बंद झाली. यंत्रमागांच्या स्पर्धेपुढे शतकाची पुण्याई उपयोगी पडली नाही. कामगारांना दिलेली भरपाई त्यामुळे चूक ठरते काय? ज्यांच्या मते नफा हेच सदाचाराचे समर्थन आहे, त्यांना या प्रश्नाला ‘होय’ म्हणावे लागेल. निदान थोडे घुटमळावे तरी लागेल.

भिलाईच्या हिशेबातील खरी गुंतागुंत मात्र वसाहतीच्या कुंपणापाशी सुरू होते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी या नगरीचा दीर्घकाळ अभ्यास करून २०२० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कायम कामगाराकडे असते ती ‘नोकरी’ आणि कंत्राटी मजुराकडे असते ते नुसते ‘काम’, हा तेथील बोलीतला भेद त्यांनी आपल्या विवेचनाच्या केंद्रस्थानी ठेवला आहे. १९८० च्या दशकात कारखान्याचे कायम कामगार साठ हजारांहून अधिक होते. पुढच्या पाव शतकात ती संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. भट्ट्या काही निम्म्या झाल्या नाहीत. दर कामगारामागे होणारे पोलादाचे उत्पादन वाढले, आणि ते उत्तम कारभाराचे लक्षण म्हणून अहवालांत नोंदले गेले. त्या भागाकारात भाजक म्हणून घेतलेला कामगार हा ‘नोकरी’वाला होता. ‘काम’वाला त्याच भट्टीपाशी उभा असे, पण त्याच्यावरचा खर्च वेतनाच्या सदरात न पडता कंत्राटाच्या सदरात पडे. लेखाशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही गैर नाही. एखादा माणूस खोटेपणा न करताही हिशेबातून नाहीसा होऊ शकतो, एवढेच यातून दिसते.

या नाहीशा माणसांनी स्वतःचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न याच परिसरात एकदा मोठ्या नेटाने केला. १९७७ मध्ये दल्ली-राजहराच्या खाणींतील कंत्राटी मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी हे त्यांचे नेते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात झालेल्या गोळीबारात अकरा जण ठार झाले. पुढे खाणींचे संपूर्ण यांत्रिकीकरण करण्याचे घाटू लागले तेव्हा संघटनेने केवळ विरोधाच्या घोषणा दिल्या नाहीत. जेथे यंत्र अपरिहार्य तेथे यंत्र आणि जेथे हात पुरेसे तेथे हात, असा अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय तिने खर्चाच्या आकड्यांसह पुढे ठेवला. मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये राजहरा येथे शहीद रुग्णालय उभे राहिले. दारूबंदीची चळवळ झाली, कारण वाढलेली मजुरी गुत्त्यात जिरत होती. कंपन्यांच्या अहवालांत आज ज्याला सामाजिक दायित्व म्हणतात त्याचा मोठा भाग त्या गावात भांडवलाविना, आणि पुष्कळदा भांडवलाच्या नाराजीला तोंड देत, पार पडला.

१९९० नंतर हीच चळवळ भिलाईभोवतालच्या खासगी कारखान्यांत पोहोचली. निर्वाहाला पुरेल एवढे वेतन आणि नोकरीची शाश्वती, या मागण्या होत्या. हजारो कामगारांना कामावरून काढण्यात आले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील घरात झोपलेल्या नियोगींची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर ठिय्या दिलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक माणसे मेली. हत्येच्या खटल्यात दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या शिक्षा उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवले आणि उद्योजकांची निर्दोष मुक्तता कायम ठेवली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले.

राज्यसंस्थेने यातून काय घेतले ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट आकारापुढच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी असे ठरवले. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. जगात अशी सक्ती करणारा भारत पहिल्या काही देशांपैकी एक. हेतू स्तुत्य आहे. पण कर्तव्य येथे नफ्याच्या टक्केवारीत व्यक्त झाले आहे. ज्या कंपनीची तीन वर्षांची सरासरी तोट्याची, तिच्यावर या कलमान्वये एका पैशाचेही बंधन उरत नाही. दानाच्या बाबतीत हे समजण्याजोगे आहे. ज्याच्याकडे नाही तो देणार कोठून? न्यायाच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही, आणि कायद्याच्या या भाषेमुळे दोहोंतील सीमारेषा पुसट होते. शाळेला बाके देणे हे दान आहे. नळातील वायू माणसाच्या नाकापर्यंत पोहोचू न देणे हे दान नव्हे.

ती तरतूद अमलात येऊन अडीच महिनेही झाले नव्हते, तोच १२ जून २०१४ रोजी भिलाईत दुसरा अपघात घडला होता. झोतभट्टीतून निघणारा वायू पाण्याने धुऊन स्वच्छ केला जातो. त्या पाण्याचा दाब एकाएकी घटला, आणि ज्या नळातून पाणी यायचे त्यातून वायू उलटा पंपगृहात शिरला. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सहा जण मृत्यू पावले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. ‘नोकरी’ आणि ‘काम’ हा भेद त्या खोलीत चालला नाही. जे अधिकारी तेथे गेले ते काय बिघडले आहे हे पाहण्यासाठी गेले होते, म्हणजे आपल्या कर्तव्यावर होते. भागधारकांना त्या दिवशी काय लाभले वा काय गमावले याचा हिशेब त्यांच्या मनात असेल असे वाटत नाही.

यानंतरच्या काळात काहीच बदलले नाही असे म्हणणे मात्र सत्याला सोडून होईल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’ने २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना दायित्व आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला. त्या नमुन्यात अपघात आणि मृत्यू यांची संख्या द्यावी लागते, आणि कामगारांचे दोन रकाने असतात, कायम आणि कायमेतर. सरकारी नमुन्याविषयी आदर वाटावा असे प्रसंग थोडे असतात. हा त्यांपैकी एक मानावा लागेल. गुंतवणूकदाराला जोखमीचा अंदाज यावा हे या रकान्याचे अधिकृत प्रयोजन आहे. हेतू कांटच्या वाण्यासारखाच. तरीही तेथे आकडा लिहिला जातो, आणि एकदा लिहिलेला आकडा गुंतवणूकदाराखेरीज इतरांनाही वाचता येतो.

आता पोलादाच्या धुराचीही किंमत होऊ लागली आहे. कोळशाच्या भट्टीत एक टन पोलाद तयार होताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. युरोपीय संघाने आयात पोलादामागच्या या उत्सर्जनाचा तपशील ऑक्टोबर २०२३ पासून मागायला प्रारंभ केला आणि जानेवारी २०२६ पासून त्यावर मूल्य आकारण्याचा टप्पा सुरू केला. नीतिमत्तेने जे सुचवले नाही ते जकातीने सुचवले, असे कोणी उपरोधाने म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोडता येणार नाही. पण जकात जे मोजते तेवढेच सुचवते. दल्ली-राजहराचे उत्तम खनिज सरत आले आहे आणि भिलाईची पुढची भिस्त कांकेर-नारायणपूरच्या जंगलातील रावघाटच्या डोंगरावर आहे. दल्लीहून तिकडे रेल्वेमार्गाचे काम हाती घेण्यात आले. डोंगरावरून निघणाऱ्या खनिजाला भाव आहे, तोडलेल्या झाडांच्या भरपाईचा दर ठरलेला आहे. त्या डोंगरावर ज्या गोंड गावांचे देव आहेत, त्यांच्यासाठी कोणत्याही अहवालात रकाना नाही.

दल्ली-राजहरा मात्र अजून तेथेच आहे. शहीद रुग्णालयही चालू आहे. त्याच्या भिंती ज्यांनी उभारल्या त्यांची नातवंडे आता गावात आहेत, आणि खाण संपल्यावर गावाचे काय, हा प्रश्न तेथे मोठ्याने विचारला जातो. खाण बंद करताना जमीन पूर्ववत व्हावी म्हणून भारतीय नियमांनी हमीची रक्कम ठेवण्याची तरतूद केली आहे. ती रक्कम हेक्टरच्या हिशेबाने ठरते.